भोंग्यावरचे पाढे

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी अहमदपूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. कोरोनामुळं शाळा बंद आहे आणि निम्म्या घरांत मोबाईल नाही. म्हणून मी माझ्या आवाजात पाढे रेकॉर्ड केले आणि रोज सकाळी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावर लावायला दिले. पोरं घरी बसून मागं म्हणतील, एवढीच आशा.

आज भोंगा चालू असतानाच गावात गेले. तिसरीतली पूजा घरी नव्हती. गावालगतच्या शेतात आईसोबत सोयाबीन खुरपत होती आणि खुरपता खुरपता अख्खा सातचा पाढा म्हणत होती! मला लई आनंद झाला.

भोंगा थांबल्यावर जवळ जाऊन विचारलं, "पूजा, सात चोक किती गं?"

तिनं खुरपं पुढं सरकवलं. मग मातीत सात काढायला सांगितला. तिनं खुरप्याच्या टोकानं नुसती एक रेघ ओढली आणि आईकडं बघत राहिली. शाळा होती तेव्हा हीच पोरगी फळ्यावर बेरजा करायची.

आई मात्र खूश होती. "म्याडम, भोंगा बंद करू नका बरं. त्या तालावर पोरीचा हात कसा झपझप चालतोय! ऊन व्हायच्या आत सोयाबीनची अख्खी पात खुरपून निघतीय."



परतताना देवळातल्या पुजारीकाकांनी हाक मारली. "म्याडम, उद्या आठचा लावू का?"

अजून त्यांना उत्तर दिलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?