बाविसावा स्विच

हॉस्पिटलात त्यांना सगळे वायरकाका म्हणत. मजल्यामजल्यावरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे बावीस स्विच, म्हणजे भिंतीवरच्या चपट्या पेट्या, त्यांच्या ताब्यात होते. कुठे काही बिघडलं की काका शिडी घेऊन हजर. जाता-येता नर्सा हाक मारायच्या, "काका, आमच्याकडेपण डोकावा!" बायको गेल्यापासून दिवसभरातलं काय ते बोलणं एवढंच. घरी नुसत्या भिंती.

मग साहेबांनी क्लस्टर करायला सांगितलं. म्हणजे एका स्विचला मुख्य नेमायचं, बाकीचे त्याच्या हाताखाली द्यायचे आणि सगळ्यांचा कारभार एका खुर्चीतून हाकायचा. काकांनी तो इतका चोख जमवला की विचारू नका. आठवडाभरात त्यांना हाक मारायची कुणाला गरजच उरली नाही. चांगल्या शहाण्या माणसाने आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला!

एक लबाडी मात्र त्यांनी केली. शिवणखोलीतला बाविसावा स्विच क्लस्टरबाहेर ठेवला. तिथे शिवणबाई एकट्याच हॉस्पिटलच्या चादरी शिवत बसायच्या. दर बुधवारी काका तो 'तपासायला' जायचे. बाई मशीन थांबवून खुर्ची पुढे सरकवायच्या. तासभर गप्पा व्हायच्या आणि त्या तासावर काकांचा आठवडा निघायचा.

सोमवारी नवे साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काका, एकवीसच दिसतायत?"

"एक जुना आहे. क्लस्टरमध्ये येत नाही."

"बघू." आणि दोन मिनिटांत तो मेला स्विच क्लस्टरमध्ये आला की, अगदी गुमान! "याला तर काहीच जोडलेलं नाही," साहेब म्हणाले. " काढून आणा."

काका स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाले.

"आज सोमवार ना?" शिवणबाईंनी विचारलं.

"हा काढायला आलोय."

बाईंनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, "माझा कॉम्प्युटर नेऊन वर्ष झालं. सांगितलं तर तुम्ही यायचे थांबाल, म्हणून बोलले नाही."

"स्विचवरचा त्याचा दिवा बंद दिसायचा ना मला. माहीत होतं."

दोघंही हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. चार स्क्रू निघाले, भिंतीला चार भोकं राहिली.

"आता कशाला याल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

काका जिन्यात थांबले. स्विच काखेत धरून त्यांनी बाहीचं चांगलं धडधाकट बटण ओढून तोडलं आणि जपून खिशात ठेवलं. बुधवारला अजून दोन दिवस होते.