म्हाताऱ्या ड्रॅगनचं गाणं

बाळांनो, हे तिघांनाही एकदमच पाठवते आहे. मधलीला एकटीला लिहिणार होते, पण तिच्यावर ठपका मी सगळ्यांसमोर येऊ दिला, तेव्हा खरं काय तेही सगळ्यांनी वाचावं.

मागच्या सुट्टीत आपण लातूरहून नांदेडला लग्नाला निघालो होतो. मधलीने गाडीत तिच्या आवडत्या बँडचं गाणं लावलं. पॉवर मेटल म्हणतात त्याला, हे तिनेच सांगितलं. अहमदपूर यायच्या आधीच मी म्हणाले, "बंद कर ते. याला गाणं म्हणतात का?" तिने मुकाट्याने बंद केलं आणि नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. सुट्टी संपून तुम्ही परत जाताना मात्र तिने ती गाणी माझ्या फोनमध्ये घालून ठेवली. "आजी, शब्द ऐक. तू इंग्रजी शिकवायचीस ना," एवढंच म्हणाली.

तुम्ही गेल्यावर एका दुपारी मी वही घेऊन बसले. तिला नेमके दोष दाखवायचे म्हणून. पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे आक्षेप लिहायचे ठरवलं. गाणं एका म्हाताऱ्या ड्रॅगनचं निघालं. त्याला आता गाव जाळण्याइतकी आग ओकता येत नाही, म्हणून तो बेकरीत भट्टी पेटवायला नोकरीला लागतो. गाणारा हे सगळं लढाईला निघाल्यासारखं, अगदी गंभीरपणे, वरच्या पट्टीत गातो. मागे ड्रम घोडे उधळल्यासारखे. ड्रॅगनचा पहिला पाव फुगतो तेव्हा सगळे मिळून असे गातात की माझ्या अंगावर काटा आला, आणि मग हसू आवरेना. आक्षेप एकच लिहिला: आवाज मोठा आहे. बाकी पानभर गाण्याचे शब्द.

त्यानंतर रोज तुरीची डाळ निवडताना मी ती गाणी लावू लागले. दार ओढून घेऊन.

एकदा शेजारच्या कंधारच्या काकू दार ढकलून आत आल्या. "आवं बाई, घरात मारामारी चालू हाय का काय?"

माझा पाय अजून ताल धरून होता. तो मी साडीखाली ओढला आणि म्हणाले, "नातीने भरून ठेवलंय हो. बंदच होत नाही."

त्या रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. तुम्ही तिघंही समोर होता. काकू मधलीला म्हणाल्या, "काय गं पोरी, आज्जीच्या फोनात काय भरून ठिवलीस? लई तरास होऊन राहिलाय त्यास्नी."

मधली माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसत होते.

"सॉरी आजी," ती म्हणाली. "थांब, कसं काढायचं ते सांगते."

आणि तिने एकेक पायरी सांगितली, मी नीट ऐकून एकेक गाणं पुसलं. जन्मभर वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना उभं केलं मी.

काल शेवटी काकूंना सांगितलं, की ती गाणी मीच लावत होते, मला आवडतात.

"मंग लावा की," त्या मांडी घालून बसत म्हणाल्या. "बघू तरी काय हाय."

लावायला माझ्याकडे काहीच नव्हतं. वहीतले शब्द तेवढे वाचून दाखवले, मराठीत सांगत सांगत. मधले, माझं चुकलं. ती गाणी मला परत पाठवशील का?