गड किती लांब?

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पुण्याचे दोन पाहुणे आमच्या आंदर मावळातल्या गावावरून गड चढायला गेले आणि तिसऱ्या दिवशी दरीत सापडले. कसे पडले, कुणालाच कळलं नाही. सासरे म्हणायचे, धुकं. दीर म्हणायचे, आग्या माश्या उठल्या. ओट्यावर वर्षानुवर्षं हाच वाद, आणि दर वेळी चहा मी करायचा! माझं डोकं फिरायचं. सासूबाई मात्र त्या वादात कधी पडल्या नाहीत.

एकदा तांदूळ निवडताना मीच त्यांना विचारलं.

"त्येंनी मलाच वाट इचारली व्हती," त्या म्हणाल्या. "दिस कलला व्हता. गड किती लांब म्हनले. मी म्हनलं, हितंच हाय."

आमच्याकडे सगळे असंच सांगतात. चालणाऱ्याचा धीर खचू नये म्हणून.

त्या दोघांनंतर मात्र कुणीही वाट विचारली की सासूबाई म्हणायच्या, "लय लांब हाय. आज हितंच ऱ्हावा." एकदा तर समोर दिसणाऱ्या वाडीला निघालेल्या म्हाताऱ्यालाही त्यांनी ठेवून घेतलं.

भाकरी मीच थापल्या. म्हाताऱ्याचं अंथरूणही मीच घातलं.