केसरबाईंची पाथ

ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात भाताची रोवणी लागली की केसरबाई शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून गाणं सांगायच्या आणि बाया बांधीत, खाचरातल्या चिखलात, पऱ्ह्यांची कोवळी रोपं रोवायच्या. केसरबाई वाकल्या की त्यांना धाप लागे. सारे त्याला दमा समजत. साठी उलटल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयात जन्मापासूनच भोक आहे. मांडीच्या शिरेतून नळी घालून ते बुजवता येईल.

"देवानं ठेवलं भोक, मी काऊन बुजवू?" केसरबाई म्हणाल्या.

"डॉक्टरही देवानंच ठेवला ना, आत्याबाई," सून मयुरी म्हणाली. "तुमाले रोवणी करायची हाये का नाई?"

ती तर त्यांची जन्माची हौस. गावदेवी मातामायला नारळ फोडून त्या नागपूरला गेल्या.

पुढच्या आखाडात डॉक्टरांची परवानगी घेऊन केसरबाई बांधीत उतरल्या आणि बायांच्या बरोबरीनं त्यांनी आपल्या वाट्याची ओळ, आपली पाथ धरली. धाप लागली नाही. पण मागं वळून पाहतात तर त्यांचे निम्मे पऱ्हे पाण्यावर तरंगत होते.

"बाई, नुसते ठेवून राह्यल्या का?" शेजारच्या पाथीतली इंदुताई हसून म्हणाली. "अंगठ्यानं दाबा."

"गाण्यात अंगठा कुठी होता?" म्हणत केसरबाई पऱ्हे दाबायला मागे फिरल्या.

बाकीच्या बाया आपापली पाथ संपवून शिदोरीपाशी पोचल्या. "राहू द्या, आमी करून टाकतो. भूक लागली," इंदुताईनं हाक दिली.

"तुमी जेवून घ्या," केसरबाई वाकूनच म्हणाल्या. "माही पाथ मीच पुरी करीन."

शेवटचा पऱ्हा त्यांनी दोनदा दाबला आणि मगच हात धुतले. जेवायला सगळ्या थांबल्या होत्या.