सहावा बस्ता

वीस-बावीस वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळली. बायकोला सांगितली नाही, ती तशीच गेली. मुलांना सांगितली नाही. दर रविवारी विहारात वंदनेला बसतो, तिथेही कधी तोंड उघडलं नाही. आज लिहितो आहे, कारण मला लिहायला सांगितलं आहे. आमचे जुने साहेब ऐंशीचे होताहेत. त्यांच्या मुलाला त्यांच्यावर एक पुस्तक काढायचं आहे. फोनवर म्हणाला, "बाबूजी, वो शब्दोंवाले खेल पर एक पन्ना लिख दीजिए ना. पापा आज भी याद करके हँसते हैं."

हे ते पान.

राज्य नवं झालं होतं. रायपूर राजधानी झाली आणि भोपाळहून ट्रकच्या ट्रक फायली येऊ लागल्या. जाड कापडात आवळून बांधलेले फायलींचे गठ्ठे. आम्ही त्यांना बस्ते म्हणायचो. एकेक बस्ता तीन-चार किलोचा. कपाटं आली नव्हती, म्हणून बस्ते भिंतीला लावून छतापर्यंत रचलेले. त्या बस्त्यांबरोबरच साहेब आले. मोठ्या घरचे, मोठ्या आडनावाचे, कॉन्व्हेंटात शिकलेले.

चार वाजता चहा आला की त्यांचा खेळ सुरू व्हायचा. ते एक अर्थ सांगायचे. त्या अर्थाचे सहा इंग्रजी शब्द द्यायचे. जितके शब्द अडतील तितके बस्ते दोन्ही हातांवर घ्यायचे आणि साहेबांचा चहा संपेपर्यंत उभं राहायचं. खेळ सगळ्यांसाठी आहे असं ते म्हणत. पण त्यांच्या जातीच्या बाबूंना एक शब्द आला तरी शाबासकी मिळायची. उभे राहायचो ते आम्हीच.

माझी पाळी आली त्या दिवशीचा अर्थ होता, लदा हुआ. भरलेला, लादलेला, ओझ्यानं वाकलेला.

"फुल," मी म्हणालो. मग म्हणालो, "लोडेड."

पुढे काही आठवेना. बावन्न वर्षांचा होतो मी.

"कोटे से कुर्सी मिल जाती है," साहेब म्हणाले, "शब्द नहीं मिलते."

चार बस्ते. मग साहेब खुर्चीवरून उठले आणि आपली कप-बशी माझ्या हातांवरच्या गठ्ठ्यावर, सगळ्यात वर ठेवली. "छलकना नहीं चाहिए, बाबू." सगळं सेक्शन हसलं.  कप बशीत वाजत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यात पंचशीला आली. आमच्याच वस्तीतली. नवरा या खात्यात शिपाई होता, तो वारला, त्याच्या जागी ती लागली होती. अजून कायम झाली नव्हती. तिनं सरळ कप उचलला. "साहब, चाय ठंडी हो गई. दूसरी लाती हूँ." आणि गेली. खेळच मोडला. साहेब हसले नाहीत.

संध्याकाळी गेटपाशी मला म्हणाली, "भाऊ, काहून उभे राहता जी? ठेवून द्यायचे ना खाली."

ठेवून द्यायचे. मला हे सुचलंच नव्हतं. आणि मला राग आला तो साहेबांचा नाही. तिचा. वस्तीतल्या एका बाईनं मला तसं पाहिलं, याचा.

त्याच आठवड्यात गोल बाजारातून मी जाड डिक्शनरी आणली. आंघोळ करताना, सायकलवर, जेवताना घोकत राहिलो. फुल, लोडेड, लेडन, हेवी, बर्डन्ड, ओव्हरलोडेड. आपण होऊन साहेबांपुढे जाऊन म्हणून दाखवले. साहेब म्हणाले, "वाह. आज से तुम इस तरफ़." मी खूश झालो. लिहिताना लाज वाटते, पण झालो.

मग एक दिवस साहेबांनी पंचशीलाला बोलावलं. कपाची गोष्ट ते विसरले नव्हते. तोच अर्थ. सहा शब्द.

"मले एकही नाही येत साहेब," ती म्हणाली.

"बाबू," साहेब मला म्हणाले, "लादो. और हर बस्ते पर एक शब्द."

मी लादले. फुल, म्हणालो आणि पहिला ठेवला. लोडेड. लेडन.  बस्ते तिच्या हनुवटीला लागले. हेवी. बर्डन्ड. माझा उच्चार छान लागला होता. सहाव्याला मी तिच्याकडे बघतच नव्हतो. साहेबांकडे बघत होतो, शाबासकीसाठी. ओव्हरलोडेड म्हणालो आणि हात सोडला.

बस्ता खाली पडला. शेजारी फरशी पुसायची बादली होती. दोरी सुटली आणि कागद पाण्यात गेले.

"किसने गिराया?"

 पंचशीला माझ्याकडे बघत होती. पाच बस्त्यांच्या वरून फक्त डोळे दिसत होते.

"भाऊ, सांगा ना जी. माह्या हातात आलाच नव्हता."

मी म्हणालो, "इसके हाथ से गिरा, सर."

"उठाओ," साहेब तिला म्हणाले.

"नाही उचलत."

एवढंच. मग ती साहेबांच्या टेबलापाशी गेली. पाचही बस्ते त्यांच्या काचेवर ठेवले. चहाच्या कपाशेजारी. आवाज न करता. पदर नीट केला आणि बाहेर गेली. जे मी बावन्न वर्षांत केलं नाही ते तिनं तेवढ्यात केलं.

अहवाल मी लिहिला. इंग्रजीत. सरकारी कागद तिनं जाणूनबुजून फेकले असं लिहिलं. साहेब म्हणाले, वजन जास्त होतं असं तिनं म्हणायला नको. म्हणून शेवटी लिहिलं, शी वॉज नॉट ओव्हरलोडेड. घोकलेला शब्द कामी आला. खाली तिची सही हवी होती.

"काय लिहून राहिले भाऊ यात?"

"नेहमीचंच आहे. कर सही."

तिनं केली. एवढं होऊनही, वस्तीतला म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून केली. महिन्याभरात तिची नोकरी गेली. पदरच्या लहान पोट्टीला घेऊन ती भनपुरीकडे भावाकडे राहायला गेली. माझ्या निरोपसमारंभाला निवृत्त झालेले साहेब पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी मला ते सहा शब्द म्हणायला लावले. मी म्हणालो. टाळ्या वाजल्या.

दोन वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात गेलो. वजन करायला जी बाई होती, ती पंचशीला. केस पांढरे. ओळखलं तिनं. "भाऊ, चप्पल काढा," एवढंच म्हणाली. मी काट्यावर उभा राहिलो.

"बासष्ट भरलं."

वाक्य तोंडाशी आलं होतं. मी विचारलं, "कमी झालं काय?"

"पहिलेचं मले काय माहीत? चला, पुढे व्हा."

त्यानंतर कंबर बरी असतानाही मी चार वेळा गेलो. चारही वेळा चप्पल काढली, काट्यावर उभा राहिलो, आकडा ऐकला आणि उतरलो.

हे पान साहेबांच्या मुलाला पाठवतो आहे. छापणार नाहीत, ठाऊक आहे. म्हणून याची प्रत खात्याला जाईल, माझ्या सहीनं. तो अहवाल खोटा होता, मी लिहिला होता, माझ्यावर काय करायचं ते करा. आणि येत्या रविवारी वंदना झाली की मी विहारात उभा राहून हे मोठ्यानं वाचणार आहे. कुणी उठून गेलं तरी वाचणार. साहेबांच्या पुढे मी आता शब्द म्हणणार नाही.

पंचशीलाला मात्र कागद पाठवणार नाही. एकदा तिच्यापुढे कागद ठेवला होता मी. तिला तोंडानंच सांगायला हवं. पाच वेळा काट्यावर उभा राहून जे माझ्या तोंडून निघालं नाही ते हे:

पंचशीला, तो बस्ता तुह्या हातात आलाच नव्हता. मीच सोडला होता.