झोपू न देण्याचा उपाय

आमची भावजय शर्टांच्या कारखान्यात कटर आहे. कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडू मारायचा आणि मशीन फिरवायचं. बाहीचा साचा एकदा सुलटा, एकदा उलटा, नाहीतर उजव्या-डाव्याची जोडी जमत नाही. हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. पण झोपच तर नव्हती. एके दिवशी साचा उलटायचा राहिला आणि छापील कापडाच्या अख्ख्या गठ्ठ्यातून नुसत्या डाव्या बाह्या निघाल्या.

"आता दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक तूच शोधून आण," मालक म्हणाला. सगळे हसले. ती घरी येऊन रडली. पुन्हा चूक झाली तर कापायचं टेबल हातचं जाणार होतं, आणि त्या टेबलापायी तिने उमेदीची वर्षं घातली होती.

वर्षापूर्वी तिची आई आजारी पडली, तेव्हापासून हिची झोप उडाली. आई बरी झाली, झोप काही परतली नाही. आम्ही काय केलं? लाड! माझा भाऊ जेवण होतं न होतं तोच तिचं अंथरूण घालायचा. सुटीच्या दिवशी मी "पड गं जरा" म्हणून तिच्या मागे लागायची. घरात सगळे चोरपावलांनी चालायचे.

डॉक्टरीणबाईंनी घोरणं, थायरॉइड, मनाची उदासी, सगळं तपासलं आणि कान उपटले ते आमचेच. "झोप थोडी आणि पडून राहणं फार. अंथरुणात काळजी करायची सवय लागलीय. गोळी चार दिवस टेकू देईल, सवय नाही मोडणार." मग नियम सांगितले. उशिरा, डोळे जड झाले तरच पडायचं. झोप येईना तर उठून बाहेर बसायचं. सकाळी ठरल्या वेळी उठायचंच. दिवसा डुलकी नाही.

"हे औषध की शिक्षा?" भाऊ वैतागला.

"आधी त्रास वाढेल. झोप बसेपर्यंत मशीनला हात लावू नका," बाईंनी तिला बजावलं.

म्हणून ती बटणं लावायला बसली. मालकाने तिचं टेबल महिनाभर राखायचं कबूल केलं, त्यापुढे नाही. पहिले दिवस म्हणजे आगीतून फुफाट्यात. ती चिडायची, मी तिच्यावर चिडायची आणि भाऊ दोघींच्या शिव्या खायचा.

एका सुटीच्या दुपारी भाजी निवडता निवडता तिची मान कलली. इतक्या महिन्यांनी तिला डोळ्यांदेखत झोप लागली होती. भावाने खुणेनेच सांगितलं, राहू दे. माझाही हात उठेना. तरी मी तिचा खांदा हलवला.

"वन्सं, आत्ता लागली होती हो," ती म्हणाली. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तोंड फिरवून भांडी घासायला घेतली.

महिना सरला. तिला परत कापायला बोलावलं होतं, त्या सकाळी गजर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ती उठेना. भाऊ हाका मारून थकला. मी पांघरूण ओढलं तर तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि डोळे न उघडता म्हणाली, "पाचच मिनिटं हो, वन्सं."

वर्षभर जी बाई गजराच्या आधीच उठून बसलेली असायची, ती पाच मिनिटं मागत होती. द्यायची माझी फार इच्छा होती. पण मी पांघरूण काढून घेतलं आणि तिच्यादेखत ढसाढसा रडले.