आमची हडळ गावोगावी

पिक्चर एकच केला आणि तो बावीस दिवसांत उरकला, पण त्याचे किस्से काही उरकत नाहीत. घोडेगावच्या बाजारात मेथीची जुडी निवडायला वाकले तरी मागून कुणीतरी म्हणतं, "हडळबाई, आमच्याकडं त्या दिवशी काय झालं सांगू का?" म्हटलं, डोक्यातून सांडायच्या आत चार लिहून काढावेत. माझी शाळा चौथीपर्यंतची. वेलांट्या चुकल्या तर खुशाल हसा. पण गोष्ट खोटी म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे.

आधी पिक्चर सांगते. माझी भाची सोनी पुण्यात लग्नाची शूटिंगं करते. तिनंच हा लिहिला, तिनंच काढला. तीन बिनकामाची पोरं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून गांजा ओढतात. तिथं हडळ येते. पोरांना वाटतं हा गांजाचाच प्रताप, म्हणून ती आधी घाबरत नाहीत, उलट हडळीलाच एक झुरका देतात. मग तिला हसू आवरत नाही आणि भूक अनावर होते. भूत, धूर आणि हसणं, असा सगळा काला. ती हडळ म्हणजे मी.

आणखी एक आधीच सांगते. हा पिक्चर आमच्या गावात देवळापुढं लावायचा आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तो बसून बघायचा, हे मी ठरवलं होतं. मी ठरवलं की ठरवलं. कशासाठी, ते पहिल्याच किश्श्यात येतंय.

*

हडळ करायला पुण्याहून एक मुलगी आणली होती. मी तिथं फक्त स्वयंपाकाला. पहिल्याच सकाळी ती मुलगी विहिरीपाशी चहा पीत उभी होती. चिखलातला ठसा बघून म्हणाली, "मावशी, केवढं मोठं कुत्रं आहे हो तुमचं."

मला खोटं बोलता येत नाही. "कुत्रं न्हाय बाई, बिबट्या. रात्री पाण्यावर आला आसंल."

साडेनऊच्या एसटीनं ती गेली. चहा तसाच राहिला.

सोनी कपाळाला हात लावून बांधावर बसली. मी म्हटलं, "ही हडळ करते तरी काय? केस सोडायचे, ओरडायचं आणि पोरांच्या मागं पळायचं. हे तर मी घरी रोज करते. आण ती साडी."

साडी हिरवी. हातात हिरवा चुडा, कपाळभर मळवट, तोंडाला तांदळाची पिठी. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर मी हातात काच घातली नव्हती. नेमक्या तेव्हाच जाऊबाई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन बांधावरून आल्या. माझ्याकडं बघितलं, पाटी खाली ठेवली.

"अकरा वर्षांनी चुडा भरलास, त्यो बी भूत व्हायला?"

एवढं बोलल्या आणि माझ्याशी बोलणं बंद. आमची दोन घरं, मधे एक भिंत, पुढची पडवी एकच. बोलल्याशिवाय कसं भागायचं? मग त्या म्हशीला सांगायच्या. "नळाला पाणी आलंय गं, ज्याला भरायचं त्यानं भरा." म्हैस रवंथ करायची आणि मी हंडा उचलायची. आठ महिने आम्हा दोघींचा संसार त्या म्हशीनं चालवला.

माणूस भांडलेलं परवडतं. गप्प बसलेलं माणूस मला सोसत नाही. म्हणून ठरवलं, बघाच म्हणावं एकदा, मी काय केलंय ते.

*

पिक्चर भुताचा, पण शूटिंग सगळं दिवसाउजेडी. आमच्याकडं दिवस मावळल्यावर रानात कोण थांबतंय? सोनीनं नंतर कॉम्प्युटरवर सगळं निळं करून रात्र केली. गांजा म्हणून माझ्याच शेतातल्या झेंडूचा पाला वाळवला होता. तो ओढून पोरं इतकी खोकायची की त्यांचे डायलॉग दुसऱ्या दिवशी घ्यावे लागायचे.

पहिला खेळ घोडेगावात, एका हॉलमध्ये. पडदा, मशीन, स्पीकर सगळं जुन्नरच्या शकीलभाईंचं. त्यांचा मंडपाचा धंदा, आम्ही जाऊ तिथं ते बरोबर.

पडद्यावर पोरानं चिलीम भरायला घेतली. पाला चांगला मोठा दिसला. पुढच्या रांगेतले एक बागायतदार खुर्चीतून पुढं सरकले.

"झेंडू हाय ह्यो."

"कशावरनं?" शेजारचा म्हणाला.

"पान बघ की. आन करपा पडलाय त्याच्यावर. फवारणी चुकलीय."

मागून तिसऱ्याचा आवाज आला, "रोप कुठल्या नर्सरीचं आसंल?"

तिकडं मी केस सोडून खिडकीतून आत आले, नरड्याच्या शिरा ताणून किंचाळले. एकानं मागं वळून मला गप्प राहायची खूण केली. म्हणजे पडद्यावरच्या मला नव्हे, त्याच्यामागं खुर्चीवर बसलेल्या मला. मी फक्त एवढंच म्हणाले होते की, "आवो, समोर बघा की."

मध्यंतराला ते बागायतदार माझ्याकडं आले. वाटलं, कामाचं कौतुक करतील. त्यांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून दिलं.

मारलं मी ते. करपा गेला.

*

सोनीचा सगळा जीव उसाच्या सीनमध्ये. पोरं उसात शिरतात, संगीत थांबतं, पाचट वाजतं आणि एकदम समोर मी. "आत्या, इथं माणूस खुर्चीतून उडाला पाहिजे," असं ती मला दहा वेळा म्हणाली होती.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात हा सीन आला आणि खरंच सगळं मंगल कार्यालय चिडीचूप झालं. पोरं उसाकडं निघाली तशी कुजबुज सुरू झाली.

"आरं, उसात कशाला?"

"मोबाईलवर गाणी लावा म्हणावं, मोठ्यानं. बिबट्या आवाजाला भितोय."

"वाकू नगं रं पोरा, वाकला की झालं."

माझ्या शेजारच्या बाईनं दोन्ही लेकरं मांडीवर ओढून घेतली. सोनी माझा हात दाबून म्हणाली, "आत्या, बघ, घाबरले."

पाचट वाजलं. ऊस हलला. आणि मी बाहेर आले, केस मोकळे, डोळे पांढरे.

अख्ख्या कार्यालयानं श्वास सोडला. शेजारची बाई लेकरांना खाली ठेवून म्हणाली, "आगं बाई, हडळ हाय व्हय. मी भ्यालेच व्हते."

*

आळेफाट्याला एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये खेळ ठेवला होता. गॅरेजवाले, ट्रकवाले, वेटर, सगळे मिळून पन्नासेक माणसं. त्यात मिशीवाला एक ड्रायव्हर शेवटपर्यंत हसला नाही की घाबरला नाही. परीक्षेला बसल्यासारखा बघत होता.

संपल्यावर तो सोनीकडं आला. "ताई, पिक्चर झ्याक हाय. पण एक चुकलंय."

"काय हो?"

"गांजा वढल्यावर कोण इतकं पळत न्हाय. बसून ऱ्हातंय. भूत आलं तरी म्हनतंय, बस. तुमची पोरं दोन किलोमीटर पळाली."

सोनीनं वही काढली. "आणखी?"

"झुरका मारला की लगीच हसू येत न्हाय. जरा दम काढावा लागतो. आन भूक लागती ती गोडाची. तुमी हडळीला ठेचा मागायला लावलाय."

मी विचारलं, "भाऊ, तुमाला एवढं कसं म्हाईत?"

त्यानं टोपी नीट केली. "ऐकून हाय."

पळायचा सीन सोनीनं अर्धा कापला. ठेचा मात्र मी कापू दिला नाही. हडळ आमच्याकडची आहे, ती ठेचाच मागणार.

*

एका गावच्या जत्रेत तमाशाच्या आधी आमचा पिक्चर. लोक भरपूर, लहान पोरं झाडावर चढलेली. मी खोलीचं दार उघडते आणि तोंड आ करून पोराच्या नरड्याकडं जाते, तेवढ्यात माईकवर आवाज आला, "थांबवा, थांबवा. प्रमुख पाहुणे आले."

शकीलभाईंनी पिक्चर थांबवला. पडद्यावर माझं पंधरा फुटी तोंड, दात बाहेर, तसंच राहिलं. त्याच्यापुढं सत्कार सुरू. शाल, नारळ, फोटो. मग दुसऱ्या पाहुण्यांचा. मग देणगीदारांचा. ज्यांचा राहिला त्यांनी तोंड फिरवलं, म्हणून त्यांचाही. अर्धा तास माझा जबडा उघडा. तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंतींवर आता तो फोटो असेल. पुढं मालक नारळ घेऊन, मागं मी त्यांना गिळायला आलेली.

शेवटी कुणाला तरी माझी आठवण झाली. "आता आपल्या हडळताईंचा सत्कार."

तोवर शाली संपलेल्या. मला टोपी आणि उपरणं दिलं. मी टोपी घातली, माईक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, त्या पोराचं नरडं कवापासनं थांबलंय. मला जाऊ द्या."

*

पुण्यातही एकदा दाखवला, शिकल्यासवरलेल्या लोकांना. तिथं पिक्चर संपला की कुणी उठत नाही, प्रश्न विचारतात. चष्मेवाले एक गृहस्थ म्हणाले, "ही हडळ नेमकी कशाचं प्रतीक आहे?"

सोनी काहीतरी बोलायला लागली, ते तिचं तिलाच कळेना. मी माईक ओढून घेतला. "भुकेचं. आल्यापासनं भाकरी मागतीय ती, कुणी दिलीय का?"

खूप टाळ्या पडल्या. मी विनोद केलाच नव्हता.

परतताना सोनी गाडीत रडली. "आत्या, कुठं झेंडू बघतात, कुठं बिबट्या, कुठं प्रतीक. पिक्चर कुणी बघतच नाही. बस झालं, मी आपली लग्नंच शूट करते."

मी म्हटलं, "रड, पण शिनोली यायच्या आत उरक. आपल्या गावचा खेळ राहिलाय."

*

आमचं गाव शिनोलीच्या पुढं, डोंगराकडं. परवानगी मागायला मी देवळातल्या बैठकीत गेले. बायका तिथं सहसा जात नाहीत. मी गेले आणि खांबाला टेकून बसले.

देवळाचा कारभार बघणारे तात्या म्हणाले, "गांजाचा पिक्चर, आन देवापुढं? तुला काय वाटतं का न्हाय?"

"तात्या, भजन उरकल्यावर देवळामागनं धूर निघतो, त्यो उदबत्तीचा का वो?"

तात्यांनी वर छताकडं बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. छताला काही झालं नव्हतं.

"दिवेलागणीला लावा," तात्या म्हणाले, "आन लवकर उरका."

घरी येऊन मी पडवीत उभी राहिले आणि म्हशीला मोठ्यानं सांगितलं, "उद्या देवळापुढं पिक्चर हाय. ज्याला बघायचा त्यानं या."

जाऊबाई आल्या. बायकांच्या बाजूला, पार कडेला, पडद्याकडं खांदा करून बसल्या.

पिक्चरमध्ये एक जागा अशी आहे की तिथं प्रत्येक गावात हशा होतोच. तीन झुरके मारल्यावर हडळ पोरांना आपली कहाणी सांगते. "सातव्या महिन्यात गेले रे मी. शुक्रवारी ओटी भरायची होती, गुरुवारीच गेले." त्यावर धुंदीतलं पोरगं म्हणतं, "मग तारीख वाढवून घ्यायची."

गडी हसले. तात्यासुद्धा मांडीवर थाप मारून हसले. बायकांच्या बाजूनं आवाज नाही.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "बंद करा ते."

शकीलभाईंनी लगेच थांबवलं. जाऊबाई पदर खोचून घराकडं चालू लागल्या. सोनी माझ्याकडं बघायला लागली. मी मनात म्हटलं, आता येऊ द्या परत. आज गावापुढं भांडणार. बोलल्याशिवाय सोडत नाही.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळदीकुंकू. कुणाकडं न बघता त्या सरळ पडद्यापाशी गेल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. कापडाला पदर कुठून असणार? मग वळल्या.

"कौसे, ऊठ."

मी उठले.

"पदर पसर."

विधवेची ओटी भरत नाहीत, हे मी त्यांना काय सांगणार? हे त्यांनीच मला अकरा वर्षांपूर्वी सांगितलेलं. तरी म्हणाले, "जाऊबाई, मला चालतं का ते?"

"तुझी कोण भरतंय? तिची भरतीय. पसर."

मी पसरला. जाऊबाईंनी कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला आणि तांदूळ घालायला लागल्या. शकीलभाई मशीनपाशी मान खाली घालून उभे होते. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "अक्का, चालू करू का?"

"थांबा जरा," जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "मागं बायका रांगेत उभ्या हाईत."